गळती

एकतीस वर्षं मी रस्त्याला कान लावला.
महापालिकेच्या रजिस्टरात माझं काम : गळती शोधणे.
हत्यार एकच, साडेचार फुटी लोखंडी सळई.
एक टोक जमिनीतल्या वाहिनीवर,
दुसऱ्या टोकाला लाकडी वाटी, वाटीत माझा कान.

रात्री दोननंतर निघायचं.
गोदीतला शेवटचा ट्रक गेलेला,
बेकरीची भट्टी अजून पेटायची असते,
तेवढ्या दोन तासांत माझगाव गप्प होतं
आणि डांबराखालचं ऐकू येतं.

नीट चाललेलं पाणी गुणगुणतं.
फुटलेलं फुसफुसतं.
चोरून नेलेलं दबक्या पावलांनी जातं.
अन्वर खोत म्हणायचा,
"कान उघडा ठेव, तोंड बंद. बाकी पाणीच सांगेल."

टेकडीवरच्या टाकीकडे बोट करून म्हणायचा,
"वरून एकच निघतं रे.
खाली आलं की कुणाच्या वजूला, कुणाच्या तांब्याला,
त्या डिमेलोच्या चर्चात दाराशी शिंपला आहे ना, त्याच्यात."
मी विचारायचो, "आणि लादीवाल्या बारमधे, सोड्याबरोबर?"
"तिथेही तेच. तिथे जरा जास्तच."

मला पटायचं, पण पाढ्यासारखं.
देव आपल्या आत आहे म्हणतात, असेल.
मला वाटायचं, पागडीच्या खोलीतला जुना भाडेकरू :
भाडं देत नाही, जागा सोडत नाही,
जिन्यात भेटला तर मान हलवतो.
चल, पाव आण दोन, भूक लागली.

मग ती रात्र. डिसेंबर, खाडीवरून खारा वारा.
गनपावडर रोडच्या वळणावर
वाहिनी नसलेल्या जागी, का कोण जाणे,
मी सळई टेकवली.

आवाज आला.
गळती नव्हे. चोरी नव्हे.
ठोका, मग ओढ. ठोका, मग ओढ.
जुनं, भरलेलं, खूप खालून येणारं काहीतरी,
घाई नसलेलं.
अर्धा तास मी वाकून होतो, पाठ भरून आली तरी.
मग खडूनं फुली मारली
आणि चिठ्ठीत लिहिलं : मोठी वाहिनी, नकाशात नाही.

सकाळी खणलं. चार फूट, सहा फूट.
मुरूम. बिडाचा तुकडा. बरणीचं झाकण. कोरडी माती.
बेहेरेबाई, ज्युनियर इंजिनीअर, काठावरून म्हणाल्या,
"इथे काहीच नाहीये हो."
मजूर हसले.

अन्वर हसला नाही.
त्यानं सळई उचलली,
टोक माझ्या छातीवर टेकवलं, शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी,
वाटीत स्वतःचा कान घातला
आणि भर रस्त्यात, हॉर्न वाजत असताना, डोळे मिटून ऐकत राहिला.
"सापडली," म्हणाला. "मोठी आहे. साहेबांना सांगू नकोस."
मग सळई उलटी फिरवून माझ्या हातात दिली.
"आता इथे बघ."

मी बघितलं, म्हणजे ऐकलं.
ठोका, मग ओढ.
तीच. शपथेवर सांगतो, तीच,
रात्री सहा फुटांखाली होती ती,
आता त्याच्या बरगडीखाली.
वेगळी फक्त खणायची जागा.

मला मेमो मिळाला.
खड्डा बुजवण्याचा खर्च, मजुरांचे तास,
कारण : कर्मचाऱ्याचा श्रवणदोष.
मी सही केली.

अन्वर जाऊन सहा वर्षं झाली, नारळवाडीत आहे.
सळई मी स्टोअरला जमा केली, पावती घेतली.
तरी झोप आली नाही की उतरतो खाली,
कब्रस्तानाच्या भिंतीलगत, फुटपाथवर,
गुडघे कुरकुरतात, पण टेकतो,
आणि नुसता कान लावतो फरशीला.
वॉचमन आता ओळखतो. "मिळालं का, काका?" विचारतो.

येतो आवाज.
माझा, त्याचा, का खालचा,
हे विचारणं सुटलं कधीतरी.
खडू मात्र खिशात असतो अजून,
फुली कुठे मारायची तेवढं ठरत नाही.